बोहल्यावरचे वस्त्र

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या महिला शाखेतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर. वाचले एकीने, लिहिले आम्ही पाच जणींनी.)





महिला शाखेला दर वर्षी गणपतीत अर्धा तास मिळतो. आजवर आम्ही तो कधी उकडीच्या मोदकांवर, कधी मुलांच्या मराठीवर खर्च केला. या वर्षी सूचनाफलकावर आम्ही विषय लिहिला, 'लग्नातला गाऊन'. तो वाचून एका काकांनी विचारले, "घरात घालता तो का? त्यावर भाषण?" काकांची चूक नाही. आपल्या घरांत गाऊन म्हणजे सकाळी दूध घ्यायला दारात यायचे ते झबले. आम्ही बोलतो आहोत त्या गाऊनला मोठा घेर असतो, मागे दोन हात लांब शेपटा असतो, आणि तो घालून नवरी रिसेप्शनच्या स्टेजवर उभी राहते.

आपल्या मंडळातल्या एका मुलीचे लग्न ठरले. नाव सांगत नाही; ती इथेच बसली आहे आणि तिला विचारूनच आम्ही हे सांगतो आहोत. तिने घरी सांगितले, रिसेप्शनला मी पांढरा गाऊन घालणार. आजी म्हणाल्या, "पांढरं? लग्नात? माय गं, लोक काय म्हणतील!" आईने काहीच म्हटले नाही, ती स्वयंपाकघरात निघून गेली. मग आजींचा आम्हाला निरोप आला की तुम्ही चार बायका मिळून तिला समजवा.

आम्ही गेलो. वारासिवनीत राहतो, मागाच्या गावात. पहाटे खटखट ऐकत लहानाच्या मोठ्या झालो. आपल्याच गावची मुलगी लग्नात भाड्याचा गाऊन घालणार, हे आम्हालाही रुचले नव्हते. तासभर आम्ही तिला संस्कृती सांगितली. तिने शांतपणे ऐकले, चहा दिला आणि विचारले, "काकू, तुमच्या लग्नातली साडी कुठे आहे आता?"

आम्ही पाच जणी एकमेकींकडे बघत राहिलो. एकीची माळ्यावर होती. एकीची कोणाला तरी देऊन टाकलेली. एकीला आठवेना. आजचे हे भाषण त्या प्रश्नातून निघाले आहे.

आधी गाऊनबद्दल. समजवायला गेलेल्या आम्ही शेवटी तिच्याबरोबर नागपूरला दुकानात गेलो. खरे सांगतो, आम्हाला तो आवडला. आत जाळीचे चार-पाच थर, वरून गुळगुळीत सॅटिन, कमरेशी बारीक मणी. ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा आमच्यातली सर्वांत कडक काकू चष्मा पुसायला लागली. नवरीच्या कपड्यात काहीतरी असतेच. शालू असो, घागरा असो की गाऊन, तो अंगावर चढला की रोजची मुलगी क्षणभर अनोळखी होते. ती मान वेगळी धरते, पाऊल जपून टाकते. एरवी घाईत असलेले घर तिच्यासाठी थांबते. बाईच्या आयुष्यात सगळ्यांनी तिच्यासाठी थांबायचे असे दिवस किती येतात? त्या एका दिवसाची ओढ पोरींना वाटते, आम्हालाही वाटली होती. त्यात हसण्यासारखे काही नाही.

पण पांढराच का? आम्ही थोडे वाचन केले. गोऱ्या लोकांत नवरीने पांढरे घालायचा रिवाज फार जुना असेल अशी आमची समजूत होती. तशी गोष्ट नाही. युरोपात पूर्वी सामान्य घरची मुलगी आपला असेल तो चांगला पोशाख घालून लग्नाला उभी राहायची, निळा, तपकिरी, कोणताही. पांढऱ्याची टूम घरोघर गेली ती व्हिक्टोरिया राणीमुळे. १० फेब्रुवारी १८४० रोजी तिचे लग्न झाले. राणी असूनही तिने जड राजवस्त्रे बाजूला ठेवून पांढरट सॅटिनचा पोशाख निवडला. ते रेशीम लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या विणकरांनी विणले होते. त्यावरची लेस, म्हणजे हाताने गुंफलेली नाजूक जाळी, डेव्हन परगण्यातल्या बीअर नावाच्या खेड्यात बायकांनी केली होती. त्या वेळी यंत्रावरची स्वस्त जाळी बाजारात आली होती आणि हाताने लेस करणाऱ्या बायकांचे पोट मारले जात होते. राणीने आपल्या लग्नाचे काम मुद्दाम त्यांना दिले. ती लेस उठून दिसायला खाली पांढरेच हवे होते. आज ज्याला आपण विलायती थाट म्हणतो, त्याच्या मुळाशी एका खेड्यातल्या कारागीर बायकांच्या हाताला काम मिळावे ही गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट आम्हाला आणखी आवडली. राणीने ती लेस पेटीत पुरून ठेवली नाही. पुढे घरच्या मंगल प्रसंगी ती पुन्हा पुन्हा वापरली. १८९७ साली तिच्या राज्याला साठ वर्षे झाली तेव्हाच्या अधिकृत छायाचित्रातही तिच्या अंगावर लग्नातलीच लेस आहे. १९०१ मध्ये ती गेली तेव्हा लग्नातला जाळीचा पदर तिच्याबरोबर शवपेटीत ठेवला. लग्नानंतर साठ वर्षांहून अधिक काळ ते कापड तिच्याजवळ होते. आमच्यापैकी एकीला तर आपली साडी कुठे आहे तेच आठवत नव्हते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. त्याच राणीच्या राज्यात मँचेस्टरचे गिरणीचे कापड आपल्या बाजारांत आले आणि आपल्याकडच्या कोष्ट्यांचे माग थंडावत गेले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली आणि तिचे नावही एम्प्रेस मिल ठेवले गेले. गिरणी देशी होती, तिने हजारो घरे जगवली, आपल्या भागातलेही कित्येक जण तिथे कामाला गेले. पण हाताने केलेली लेस वाचवणाऱ्या राणीचे नाव यंत्राच्या कापडावर आले, हा योगायोग आम्हाला चटका लावून गेला. तिकडच्या बायकांना गिऱ्हाईक म्हणून राणी मिळाली. इकडच्या विणकराला कोण मिळाले?

गाऊन आणि मराठी लग्न यांचा संबंधच नाही असे म्हणू नये. गोव्यात ख्रिस्ती नवरी चर्चमध्ये पांढरा गाऊन घालते. पण त्याआधी मामाकडून तिच्या हातात चुडा भरला जातो, हिरव्या-पिवळ्या-लाल काकणांचा, अगदी आपल्यासारखा. आणि सासरकडून तिला लाल साडो मिळतो. नगर-नाशिककडच्या मराठी ख्रिस्ती घरांत पांढरी साडी आणि डोक्यावर जाळीचा पदर हे नवरीचे रूप आहे. त्या मुली आपल्याच भाषेत ओव्या ऐकत वाढलेल्या. त्यांनी पांढरेही घेतले आणि मामाचा चुडाही सोडला नाही.

रंगाचे म्हणाल तर आजींना पांढऱ्याची धास्ती का वाटली ते आम्हाला कळते. आपल्याकडे पांढरे म्हणजे दुःखाचे. पण त्याच आजींच्या लहानपणी ब्राह्मणांच्या घरांत केशवपन झालेल्या विधवेला तांबडे आलवण नेसावे लागे. तांबडा शालू नवरीचा आणि तांबडे आलवण विधवेचे. एकाच रंगाने एकीला मांडवात मधोमध आणले आणि दुसरीला माजघराच्या अंधारात ठेवले. तेव्हा शुभ-अशुभ रंगात नसते. माणसे ते रंगाला चिकटवतात, आणि माणसांनी ठरवले तर ते काढताही येते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता आपल्याकडे वळतो. आपली घरे या भागात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून आहेत, काही नंतर नोकरी-व्यापारासाठी आलेली. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या, विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि बालाघाट इकडे राहिला. मुले हिंदी शाळेत शिकली, बाजारात आपण हिंदी बोललो, शेजाऱ्यांकडून पोवारी शब्द उचलले. पण लग्न आले की आपण पक्के मराठी झालो. मुंडावळ्या, अंतरपाट, मंगलाष्टके, झाल, सूनमुख, यातले काही सोडले नाही. आणि सोडली नाही ती अष्टपुत्री.

मुलींनो, तुमच्यापैकी कितीजणींना अष्टपुत्री माहीत आहे? मामाने आणलेली पिवळी साडी. ती नेसून नवरी गौरीहराशी बसते, अन्नपूर्णेची पूजा करते आणि मामाचा हात धरून बोहल्यावर येते. शालू त्यानंतर. शालू सासरच्या श्रीमंतीचा, अष्टपुत्री आईच्या माहेरची. भाऊ बहिणीच्या लेकीला पहिले वस्त्र देतो, यात त्या आईचाही मान आहे.

पण नाव ऐका. अष्टपुत्री. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादातून आलेले. आठ मुलगे होवोत आणि नवरा जिवंत राहो. त्या पिवळ्या कापडाला हे दोन टाके आधीच घातलेले आहेत. जिला मूल झाले नाही, जिला मुलीच झाल्या, जिचा नवरा गेला, तिने पुढे त्या साडीकडे कोणत्या डोळ्यांनी बघायचे? आम्ही नवी पिढी परंपरा सोडते म्हणून तक्रार करतो. परंपरेने एखादीला हळूच बाहेर काढले असेल, तर तिने दुसरे काही शोधले यात तिचा दोष किती?

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे म्हणून आम्ही एक काम केले. श्रावणातल्या चार रविवारी मंडळातल्या घरी जाऊन पेट्या उघडल्या. आपल्या लग्नातले कापड दाखवा म्हणालो. सगळ्यांनी हौसेने दाखवले. त्याबद्दल सर्व घरांचे आभार.

काय सापडले? शालू पुष्कळ सापडले. बहुतेक घडीवर विरलेले, जर काळी पडलेली. विचारले किती वेळा नेसलात, तर दोनदा, तीनदा. फार जड, फार भारी, मग जाड झालो, मग फॅशन गेली. अष्टपुत्र्या फारशा सापडल्या नाहीत. कारण विचारले तर सुंदर उत्तर मिळाले. मऊ सुती होती म्हणून बाळाची दुपटी केली. पुढे तीच दुपटी गोधडीत गेली. एका घरी आम्हाला गोधडी उलटी करून दाखवली, आत एका बाजूला फिकट पिवळा तुकडा. पणजीची अष्टपुत्री, आणि त्यावर आज पणतू झोपतो. त्या गोधडीला हात लावताना आम्ही सगळ्या गप्प झालो.

आणखी एक वस्तू पुष्कळ घरी निघाली, ज्याकडे आम्ही कधी लग्नाचे वस्त्र म्हणून पाहिलेच नव्हते. कोशाची साडी. इथलीच. वरातीच्या दुसऱ्या दिवशी नेसायला, पूजेला, मंगळागौरीला म्हणून दिलेली. मधासारखा रंग, बारीक काठ. ही साडी मात्र सगळ्यांनी वापरलेली होती. नेसून नेसून अधिक मऊ झालेली. आईची लेकीने नेसलेली, लेकीची सुनेने मागून घेतलेली. सर्वांत महाग वस्त्र पेटीत मेले आणि घरचे, हातमागावरचे वस्त्र जगले.

मग आम्ही मागावर गेलो. आपण सगळे मागाच्या आवाजाजवळ राहतो, पण त्या दारात शेवटचे कधी गेलो होतो? कोसा जंगलातून येतो. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर ती अळी वाढते, कोश करते. कोश उकळून धागा काढायचे काम बायकांचे. पूर्वापार ती बाई कोशाचा धागा आपल्या उघड्या मांडीवर वळत आली आहे. वर्षानुवर्षे करून तिथली कातडी सोलवटते, पाठ धरते. आता केंद्रीय रेशीम मंडळाने यासाठी 'बुनियाद' नावाचे यंत्र काढले आहे, ते जितक्या लवकर घरोघर पोचेल तितके बरे. मग कांड्या भरायच्या, तेही बहुधा बायकांनी. ताणा लावायचा. मग विणकर मागावर बसतो, पाय पावड्यांवर, हात धोट्याला. करवतीकाठासारखा काठ असेल तर एका धोट्याने भागत नाही. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे चालतात, आणि दर ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. तेव्हा कुठे ते करवतीचे दाते दिसतात. एक साडी दिवसांच्या हिशेबाने होते, तासांच्या नाही.

तिथे एक मावशी कांड्या भरत बसल्या होत्या. आम्ही विचारले, "तुमच्या लग्नात कोणती साडी होती?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सुरतची होती जी. चमकीची. आमची आम्हाला कुठे परवडते? आम्ही विणतो, नेसत नाही." हात थांबला नाही त्यांचा. आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

२०२३ साली वारासिवनीच्या हातमाग साडीला आणि कापडाला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. त्याआधी आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला मिळाले होते. आपण पेढे वाटले, व्हॉट्सॲपवर अभिनंदन केले. पण मानांकन म्हणजे काय? वारासिवनीचे नाव दुसऱ्या कोणी दुसरीकडच्या मालाला लावू नये, एवढे संरक्षण. गिऱ्हाईक ते आणून देत नाही. गिऱ्हाईक आपण व्हायचे असते. आम्ही मनात मोजले, गेल्या पाच वर्षांत आपल्या मंडळात जी लग्ने झाली, त्यांत नवरीच्या अंगावर इथल्या मागाचे एक तरी वस्त्र होते अशी किती? मोजताना आमचीच मान खाली गेली. आमच्या स्वतःच्या मुलींची लग्ने त्यात होती.

कोणी म्हणेल, घरच्या सुताची साडी बोहल्यावर शोभत नाही. १९४२ साली अलाहाबादला आनंद भवनात इंदिराजींचे लग्न झाले. त्यांच्यापुढे कोणतेही रेशीम उभे राहिले असते. त्या नेसल्या ती वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची फिकट गुलाबी खादी. तीच साडी १९६८ मध्ये त्यांच्या सुनेने आपल्या लग्नात नेसली. राजकारण बाजूला ठेवा, कोणाला कोणता पक्ष आवडतो तो ज्याचा त्याचा प्रश्न. बाप तुरुंगात चरख्यावर बसून लेकीच्या साडीचे सूत कातत होता, एवढेच डोळ्यांसमोर आणा. कोणत्या जरीला ते वजन येईल?

आता त्या मुलीकडे परत येतो.

मागावरून परत येताना ती आमच्याबरोबर होती. रस्त्यात आम्ही तिला म्हणालो, बाई गं, गाऊन घाल, आमची काही हरकत नाही. पण तुला कोशाची साडीही आवडली, आजीच्या पेटीतली नऊवारीही आवडली, मग गाऊनचा एवढा हट्ट का?

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, अष्टपुत्री नेसवायला सवाष्ण लागते. शालू नेसवायला सवाष्ण लागते. हळद लावायला, ओटी भरायला, हातात चुडा भरायला, सगळ्याला सवाष्ण. माझे बाबा मी नववीत असताना गेले. मला शिकवलं आईने, मला दुकानाचा हिशेब शिकवला आईने. आणि त्या दिवशी ती मागच्या खोलीत पाहुण्यांचा चहा बघणार. गाऊनला कोणाचा नियम नाही. त्याची पाठीमागची बटणं माझी मला लावता येत नाहीत. ती आई लावेल. म्हणून गाऊन."

आम्ही पाच जणी रस्त्यात उभ्या राहिलो.

तिच्या लग्नाच्या यादीत सवाष्ण म्हणून आमची पाचही जणींची नावे होती. आम्ही तिला संस्कृती समजवायला गेलो होतो आणि तिच्या आईला मागच्या खोलीत बसवणाऱ्या आम्हीच होतो. कोणी मुद्दाम नाही. 'त्यांना कशाला त्रास', 'त्यांनाच बरं वाटणार नाही', असे गोड बोलून. तिच्या आईने त्या दिवशी काही न बोलता स्वयंपाकघरात का जावे, ते आता कळले. आमच्यातली एक रडली. तीही दोन वर्षांपूर्वी आपल्या नणंदेला असेच गोड बोलून मागे बसवून आली होती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावाने ठराव केला की नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे म्हटले. आपण महाराष्ट्रात नाही, ते परिपत्रक आपल्याला लागू नाही. पण ठराव करायला आपल्याला कोणी अडवले आहे का? महाराष्ट्रातून आपण सगळे रिवाज आणले, जपले, सांभाळले. हाही एक रिवाज तिकडूनच आला आहे, फक्त नवा आहे.

आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना कसे सांगायचे याची आम्हाला धास्ती होती. शेवटी नातीनेच सांगितले. आजींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "माझी सासू आलवणात होती. माझ्या लग्नात ती दाराआडून बघत होती. मला दिसली होती ती." एवढेच बोलून त्या उठल्या, पेटीतून कुंकवाचा करंडा काढला आणि सुनेपुढे ठेवला.

लग्न पार पडले. गौरीहराशी बसण्याआधी अष्टपुत्री आईने नेसवली. आम्ही पाच जणी निऱ्या धरायला खाली बसलो होतो. आईचा हात थरथरत होता, दुसरी निरी वाकडी आली, ती तशीच ठेवली. मामाने आणलेली ती पिवळी साडी आपल्याच गावच्या मागावरची होती, सुती अंगाची, कोशाच्या काठाची. मंगलाष्टकांच्या वेळी आई अंतरपाटाजवळ उभी होती. कोणाच्या अक्षता उलट्या पडल्या नाहीत, कोणाला काही झाले नाही. जेवणात जिलबी कमी पडली, पण ती दर लग्नात पडते.

आणि रिसेप्शनला? गाऊन. पांढरा. बटणे आईनेच लावली, एकूण बावीस होती. आजी समोरच्या खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "दिसते तर चांगली."

मैत्रिणींनो, लग्नातल्या वस्त्राची मोहिनी कशात असते याचा आम्ही पुष्कळ विचार केला. रंगात नाही, ते आपण पाहिले. किमतीत नाही, ते काळ्या पडलेल्या शालूंनी सांगितले. ते कोणी दिले, कोणाच्या हाताने विणले, कोणी अंगावर चढवले आणि पुढे कोणाच्या अंगाखाली अंथरले गेले, यात ती असते. बाईपण म्हणून आपण जे नवरीत बघतो, ते एकटीचे नसतेच. कोश उकळणारी, कांडी भरणारी, निरी धरणारी, बटण लावणारी, अशा किती बायका त्या एका कपड्यात उभ्या असतात. त्यातल्या एकीलाही मागच्या खोलीत बसवले तर ते वस्त्र तेवढे उणे होते.

म्हणून मंडळापुढे महिला शाखेच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. आपल्या घरच्या प्रत्येक लग्नात नवरीचे निदान एक वस्त्र वारासिवनीच्या हातमागाचे असावे. शालू तुमच्या आवडीचा घ्या, गाऊन हवा तर घ्या, घागरा घ्या. पण मामाची साडी इथून घ्या. आणि ती मागावर जाऊन, वेळेवर सांगून घ्या. मुहूर्ताच्या आठ दिवस आधी जाऊन 'तयार काय आहे' विचारू नका. आणि भाव करताना त्या मावशींचे वाक्य आठवा.

दुसरी. पेट्या उघडा. जरीच्या साडीची घडी दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर ती घडीवरच फाटते. जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. सुकलेला कडुलिंब, लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा. अंगावर साडी असताना तिच्यावर अत्तर मारू नका. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे नेसा. लेकीला द्या, सुनेला द्या. विरली असेल तर गोधडी शिवा.

तिसरी. आजपासून आपल्या मंडळातल्या कोणत्याही लग्नात नवरीला वस्त्र नेसवायचा पहिला मान तिच्या आईचा. ती सवाष्ण आहे का, हे कोणी विचारायचे नाही. आई नसेल तर जिने वाढवले तिचा. आशीर्वाद देतानाही आठ पुत्रांचा हिशेब सोडून द्या. 'सुखात राहा, शहाणी राहा' एवढे म्हटले तरी देव ऐकतो.

तिसऱ्या विनंतीचा ठराव आम्ही लिहून आणला आहे. उत्सवानंतरच्या सभेत तो मांडायचा आहे. विरोध असेल त्यांनी जरूर यावे. गौरीही दर वर्षी माहेरी येते, तिला आपण नवी साडी नेसवतो. ती नेसवताना या वर्षी घरातल्या ज्या बाईला आजवर कधी हात लावू दिला नव्हता, तिला पुढे बोलवा. सुरुवात तिथून होऊ शकते.

सूचनाफलकावर विषय वाचून हसणाऱ्या काकांना एकच सांगणे. काका, तुमच्या लग्नातली काकूंची साडी कुठे आहे, आज घरी जाऊन विचारा. उत्तर ऐकून उद्या आरतीला या.

गणपती बाप्पा मोरया!